पोरगी न्या, बोटं ठेवून जावा

"बाई, सुताचा हार आणा!" वकीलीनबाईंनी पुढच्या दारातनं हाक मारली, मी डबा उघडला, अन् डब्यात सूत न्हाई.

बिस्किटाचा पत्र्याचा डबा, झाकनावर बंगल्याचं चित्र. आत नुसत्या टकळ्या अन् एक मेलेलं झुरळ. म्हैनाभर पोरांनी काढलेलं सूत त्यात पायजे हुतं. मी डबा उलटा केला, आपटला, परत सुलटा केला. झुरळ पडलं, सूत काय पडंना.

भाईर पुण्याच्या ताई टांग्यातनं उतरल्या हुत्या. शेठजी खुर्चीत बसले हुते. पोरं वळीनं हुबी, वकीलीनबाईंच्या मंडळानं दिलेले झबले-सदरे घालून, नाकं पुसून, तेलानं डोकी चपचपीत करून. माझी यमी झोळीत अशी वरडत हुती की जशी तिचीच नोकरी जानार हाय. अन् हार आनायचा हुता मी.

"रेहमत," मी म्हनलं, ओठ न हलवता, "सूत कुठंय?"

डबा सांभाळायचं काम रेहमतकडं हुतं. तिनं पायाच्या अंगठ्यानं भुई उकरली.

"अम्मीच्या सुपात."

"सुपात? सुपात काय करतंय सूत?"

"बिड्या बांधतंय."

आता हितं थोडं थांबून सांगायला पायजे, न्हाईतर तुमाला वाटंल ही बाई कशाला बोंब मारतीय, सूतच तर गेलं, सोनं थोडंच गेलं. दिवाळी अंकवाले भाऊ म्हनले, बाई, जसं बोलता तसंच लिहा, आम्ही शुद्ध करीत बसत नाही. मंग माझा तरी काय इलाज? माझं म्हायेर कर्जतकडं. चौथीत हुते तवा लगीन लागलं, परीक्षेला बसायच्या आधी हळदीला बसले. तेवढ्याच शाळंवर नगरला झेंडीगेटाकडच्या एका गल्लीत मी बाई झाले. बाई म्हंजे गरिबांच्या पोरांच्या वर्गाची बाई. माज्या आधी एक चांगली शिकलेली बाई ठेवली हुती मंडळानं. ती पदर नाकाला लावून गल्लीत आली अन् तसाच पदर नाकाला लावून गेली. मंग मला घेतलं. मालक लढाईवर गेल्ते, खुशाली यायची बंद झाल्ती, पोटाशी यमी. वर्गाच्या पाठीमागं एक खोली हुती, ती बाईला ऱ्हायला मिळायची. मला खोली पायजे हुती, मंडळाला नाकाला पदर न लावनारी पायजे हुती. जमलं.

लोकांना वाटतं, बाई म्हंजे शिकवनारी. शिकवनं लई शेवटी येतं. सकाळी आधी गल्लीतनं हाळी घालत फिरायचं, ह्या दारातनं एक वढायचं, त्या दारातनं दोन, तवर पहिलं पळून गेलेलं असतं. मंग हौदावर आंघोळ, मंग नाक, मंग उवा, मंग तेल. मंग प्रार्थना. मंग टकळी. एवढं सगळं हुईस्तवर अ आ इ ई काढावं म्हनलं की कुठनं तरी आईची हाक येती, "ए, पानं भिजली गं!" अन् माजा वर्ग उठून पळतो.

तर ही पानं. आमची सगळी गल्ली बिड्या वळायची. तेंदूची पानं रातभर भिजवली तरी सकाळी परत वल्या गोनपाटात गुंडाळून ठेवावी लागत्यात. ती मऊ झाली की कातरायची, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा. ते आयांचं काम. अन् बिडीचं तोंड दुमडायचं काम पोरांचं, कारन ल्हान बोट त्या तोंडात बरोबर जातं अन् भराभरा चालतं. पोर आठ-नऊ वर्साचं असंल तर आईचं अर्ध काम त्याच्या बोटावर. म्हनून मी काय करायची, गोनपाट बघून वर्ग भरवायची. पानं भिजत हायेत तवर पोरं मोकळी, तेवढ्यात वढून आनायची. मंडळानं मला भिंतीवरचं घड्याळ दिलं हुतं अन् दहा ते बारा अशी वेळ दिल्ती. घड्याळ आपलं चालायचं, वर्ग गोनपाटावर चालायचा. उन्हाळ्यात पानं वाळकी, मऊ व्हायला वेळ लागायचा, तवा पोरं लई शिकायची. पावसाळ्यात पानं झटक्यात मऊ, तवा पाढा बेचा अर्ध्यात ऱ्हायचा. वकीलीनबाईंनी एकदा बघितलं अन् मंडळाच्या सभेत सांगितलं, दमट हवेनं मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो. सगळ्यांनी मान डोलवली. मी पन डोलवली.

वकीलीनबाई मंडळाच्या अध्यक्षीन. मनानं वाईट न्हाईत, हे मी आधीच सांगून ठेवते. साबन त्या स्वता आनायच्या. पन बोलायला लागल्या की थांबायच्या न्हाईत. एकदा गल्लीत आल्या अन् वट्यावर हुबं ऱ्हाऊन म्हनल्या, "भगिनींनो, प्रत्येक बालकाला हक्क असतात. खेळण्याचा हक्क, शिकण्याचा हक्क, पोटभर अन्नाचा हक्क."

बाया सुपं मांडीवर घेऊन ऐकत हुत्या. हात चालूच. त्यातली जैनबभाभी, म्हंजे रेहमतची आई, बिडीवरची नजर न काढता म्हनली, "बाईसाब, ते हक्क रेशनच्या दुकानावर मिळत्यात का? न्हाई, आमच्या कार्डावर लिवलेलं न्हाई म्हनून इचारलं."

"काय म्हणतात त्या?" वकीलीनबाईंनी मला इचारलं.

"लई आवडलं म्हनत्यात," मी म्हनलं.

मंग वकीलीनबाई जैनबभाभीलाच म्हनल्या, "तुमची मुलगी हुशार आहे. तिला रोज पूर्ण वेळ वर्गात पाठवा. बिडीला बसवू नका."

जैनबभाभीनं हातातल्या बिडीला दोरा मारला, दातानं तोडला अन् म्हनली, "न्या की. खुशाल न्या. पोरगी न्या, फक्त बोटं ठेवून जावा."

गल्ली एवढी हसली की वकीलीनबाईंना वाटलं भाषन चांगलं झालं.

टकळी कशी आली ते पन सांगते. मंडळातल्या कुनी तरी पुण्याला जाऊन आलं अन् म्हनलं, आता नुसतं पुस्तक नको, उद्योगातनं शिक्षन. हातानं काम करत करत पोरं शिकायला पायजेत. मला बरं वाटलं. मी आपलं भाबडेपनानं म्हनलं, "मंग लई सोपं हाय बाई, पोरं बिड्याच करत्यात की, तिथंच बसून पाढे घेते. पंचवीसचा कट्टा बांधत्यात, पंचवीसचा पाढा तर त्यांना झोपंत येतो."

वकीलीनबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो बाई! सूत काढणं हा संस्कार आहे. बिडी हे शोषण आहे."

"शोषन म्हंजे?"

"म्हणजे लहान मुलांनी मेहनत करायची आणि तिचं फळ दुसऱ्यानं न्यायचं."

"बरं. अन् पोरांनी काढलेलं सूत कुठं जानार?"

"मंडळाकडे," वकीलीनबाई म्हनल्या.

मी मान डोलवली. मला खोली पायजे हुती.

अन् ज्यात वर्ग भरायचा ते गोदाम कुनाचं? शेठजींचं. आमच्या गल्लीच्या बिड्या ज्या कारखान्यात जायच्या, त्याच कारखान्याचे शेठ. सतरंज्या त्यांनी दिल्या, घड्याळ त्यांनी दिलं, भिंतीवर हार घातलेला फोटो पन त्यांचाच. जित्या मानसाच्या फोटूला हार घालू नये म्हनत्यात, पन ते म्हनले असू द्या, शोभा येती. तर आमची पोरं सकाळी शेठजींच्या गोदामात बसून बिडी वळू नये हे शिकायची, अन् मंग घरी जाऊन शेठजींच्याच बिड्यांची तोंडं दुमडायची. शेठजींना दोन्हीकडनं पुन्य.

रेहमत नऊ-दहा वर्साची. काखंत ल्हाना भाऊ घेऊन यायची, त्याला सतरंजीवर पालथा टाकायची अन् टकळी फिरवायला लागायची. बाकीच्यांचं सूत म्हंजे कुठं सुतळी, कुठं कोळ्याचं जाळं. हिचा धागा तुटायचाच न्हाई, डब्यात ठेवायजोगं सूत निघायचं ते हिचंच. वाचायला पन अशीच. साबनाच्या वेष्टनावरचं वाचायची, शेठजींच्या फोटूखालचं वाचायची, तंबाखूच्या पुडीचा कागद उलटा धरून वाचायची. एकदा मला म्हनली, "बाई, तुमी जोडाक्षर चुकवता." चुकवतेच की. चौथी हाय माझी.

पुण्याच्या ताईंचं मुलींचं वसतिगृह हुतं. त्या वर्ग बघायला येनार अन् एक पोरगी निवडून नेनार असं ठरलं. खानं, ऱ्हानं, शाळा, सगळं त्यांच्याकडं. मी जैनबभाभीच्या दारात किती येळा जाऊन बसले ते इचारू नका. ती आधी न्हाईच म्हनली. मंग एक दिस तिचा खोकला लई वाढल्याला, तवा एकदम म्हनली, "हे बघ बाई. निवडली तर घेऊन जा, मी मागं वढनार न्हाई. नाय निवडली तर त्या दिसापासनं ती सुपावर बसनार, वर्ग बंद. सकाळी तुझी अन् दुपारी माझी, असली अर्धी पोर मला परवडत न्हाई. इस पार या उस पार."

अन् तो दिस हाच. अन् डबा मोकळा. ताईंना पोरांनी काढलेल्या सुताचाच हार घालायचा, फुलांचा त्या घेत न्हाईत, असं वकीलीनबाईंनी मला मागच्या आठवड्यापासनं बजावलं हुतं.

"पळ," मी रेहमतला म्हनलं. "मागच्या दारानं जा अन् असंल तेवढं घेऊन ये."

"अम्मी देनार न्हाई."

"मंग न इचारता आन!"

तोंडातनं गेलं खरं. पोरगी पळाली.

मी पोरांना म्हनलं, स्वागताचं गानं म्हना. म्हनलं. परत म्हना. परत म्हनलं. ताई पहिल्यांदा कौतुकानं हसल्या, दुसऱ्यांदा नुसत्या हसल्या. तिसऱ्यांदा सुरू झालं तवा शेठजींनी पान काढून तोंडात घातलं. वकीलीनबाई माझ्याकडं बघत हुत्या, त्या नजरेनं दूध नासलं असतं. मी यमीला झोळीतनं काढून काखंत मारलं, निदान हातात काय तरी दिसावं म्हनून.

चौथ्या कडव्याला रेहमत आली. काडीला गुंडाळलेलं सूत. शाबूत हुतं बरंचसं. मी मागच्या खोलीत दोन गुडघ्यांवर त्याची लड घातली, झटकली, त्यातनं तपकिरी भुगा उडाला, मला ठसका लागला. वास मला आला. न्हाई कसं म्हनू? पन वासाला काय करू, हौदावर धुवायला न्हेऊ? ताटलीत घातलं, वरनं जास्वंदीची दोन फुलं टाकली अन् न्हेऊन दिलं.

वकीलीनबाईंनी हार घातला. टाळ्या झाल्या. ताई उंच, सडसडीत, जाड्याभरड्या लुगड्यातल्या, बोलायला लागल्या की एकदम शांतता.

"ह्या हारापुढे मोत्यांचा हार फिका आहे," ताई म्हनल्या. त्यांनी हार दोन्ही हातांनी उचलून नाकाशी न्हेला. "ह्याला मुलांच्या श्रमांचा सुगंध—"

अन् शिंकल्या.

पोरं हसली. ताईंनी रुमाल काढला. "श्रमांचा—" परत शिंक. तिसरी शिंक अशी आली की चष्मा नाकावरनं घसरला. वकीलीनबाई म्हनल्या, "इथली हवा जरा दमट आहे." उन्हाळा हुता.

शेठजी नाक वर करून बसले हुते. जन्म गेला त्यांचा तंबाखूत. "वास वळखीचा हाय," ते म्हनले. उठले, हाराचं टोक चिमटीत धरलं, चोळलं. "अन् सूत पन वळखीचं हाय. हे जाडं सूत आठ दिस झालं आमच्या कट्ट्यांवर येतंय. मी मुकादमाला म्हनतोय, कुठला आनला रे एवढा मजबूत दोरा?"

ताईंना काय कळलं न्हाई. वकीलीनबाईंना कळायला लागलं हुतं, पन त्यांनी कळू दिलं न्हाई. अन् तेवढ्यात पुढच्या दारातनं, काखंत सूप, डोक्यावर पदर अर्धा, जैनबभाभी.

"रेहमत! अगं भवाने, दोरा घेऊन कुठं पळाली? वळलेल्या बिड्या सगळ्या उकलायला लागल्या! मुकादम दारात बसलाय माझ्या!"

मंग तिला दिसलं. गोदामभर मानसं, खुर्च्या, शेठजी, अन् एका बाईच्या गळ्यात तिचा दोरा.

दुसरी असती तर मागं फिरली असती. जैनबभाभीनं पदर नीट केला अन् म्हनली, "बाईसाब, माफी करा. तो दोरा माझा हाय. तेवढा काढून द्या, मी जाते."

ताईंचा हात गळ्यातल्या हाराकडं गेला.

वकीलीनबाई उठल्या. "वर्गाचं सूत! पवित्र सूत! ते चोरून बिड्यांना बांधलं?"

"चोरलं न्हाई," रेहमत म्हनली. आवाज बारीक, पन साफ. "मी काढलंय ते. तुमीच म्हनला हुता, आपल्या हातानं काढलेलं सूत ते आपलं."

"मी ते वेगळ्या अर्थानं म्हणाले होते!"

"अन् मुकादम म्हनला, लढाईपायी दोरा कंट्रोलमधी गेला, कारखान्यातनं मिळनार न्हाई, ज्याचा त्यानं आना. दोरा न्हाई तर बिडी घेनार न्हाई. अम्मीपाशी दोरा नव्हता. माझ्यापाशी हुता."

शेठजी वर आढ्याकडं बघायला लागले. आढ्यात पाकोळ्या हुत्या, लई दिसांच्या. त्या त्यांना त्याच दिवशी दिसल्या.

ताईंनी चष्मा पुसला. चिडल्या न्हाईत. मला वाटतं चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या अगदी शांत म्हनल्या, "मला फक्त एक गोष्ट समजून घ्यायची आहे. सूत कुठे वापरलं हा पुढचा प्रश्न. पण वर्गाच्या डब्यातली वस्तू ह्या मुलीनं विचारून नेली की न विचारता? विचारून नेली असेल तर तिचा काही दोष नाही. न विचारता नेली असेल, तर हात कितीही चांगला असो, मी तिला नेऊ शकत नाही. माझ्याकडे सत्याला पहिली जागा आहे."

अन् माझ्याकडं वळल्या.

"बाई, तुम्ही परवानगी दिली होती?"

आता बघा. मी परवानगी दिली नव्हती. मला म्हाईतच नव्हतं. खरं सांगायचं तर 'न्हाई' हे एवढंसं उत्तर हुतं, अन् ते खरं हुतं. वकीलीनबाई ताईंच्या मागं हुब्या राहून मान हलवत हुत्या, न्हाई म्हना, न्हाई म्हना. कारन मंडळाचा पहिला नियम, भिंतीवर मोठ्या अक्षरात लिवलेला, वर्गाची एक काडी पन बिडीच्या कामाला जायची न्हाई. ज्या बाईनं जाऊ दिली ती बाई त्याच दिवशी बंद. बाई बंद म्हंजे खोली बंद. काखंत यमी, तिचं नाक माझ्या खांद्यावर पुसतीय. मालकांचा पत्ता न्हाई. कर्जतला भावजयीच्या दारात जाऊन हुबी ऱ्हायचं म्हंजे काय ते ज्यानं भावजय बघितलीय त्याला सांगायला नको.

रेहमत माझ्याकडं बघत नव्हती. तिनं डब्यातनं टकळी काढली हुती अन् ती नुसती हातात फिरवत हुती, सूत नसलेली. जैनबभाभी माझ्याकडं बघत हुती. ती काय मागत नव्हती. ती नुसतं बघत हुती, की ही बाई काय करती. इस पार या उस पार.

मला लई भ्या वाटत हुतं. मी शूर बिर न्हाई. मला झुरळाचं पन भ्या वाटतं.

"व्हय," मी म्हनलं. "मीच दिल्ती परवानगी. पोरीनं इचारलं, मी म्हनलं, ने."

वकीलीनबाई मटकन खुर्चीत बसल्या. जैनबभाभीनं तोंडावर पदर घेतला. अन् ताई? ताईंच्या तोंडावर असा आनंद फुलला की मला लाजच वाटली. त्या पुढं आल्या, माझ्या डोक्यावर हात ठेवला अन् सगळ्यांना म्हनल्या, "पाहिलंत? नोकरी जाईल हे ठाऊक असूनसुद्धा ही बाई खरं बोलली. सत्याला असं धैर्य लागतं. ज्या वर्गाची बाई एवढी सत्यवादी, तिथली मुलगी मी डोळे मिटून नेईन."

जन्मात एकदा मोठ्या मानसांच्या पुढं चार मानसांत धडधडीत खोटं बोलले, अन् सत्याची शाबासकी मिळाली. टाळ्या झाल्या. शेठजींनी पन वाजवल्या. वाजवता वाजवता माझ्या कानाशी येऊन म्हनले, "बाई, असलं सूत अजून निघंल का?"

टाळ्या थांबल्या अन् वकीलीनबाईंनी मला बाजूला न्हेऊन सांगितलं, तुमच्या खरेपणाचा मंडळाला अभिमान आहे, खोली कधी रिकामी करता?

रेहमत त्याच आठवड्यात गेली. जैनबभाभीनं तिचं डोकं विंचरलं, इतकं घट्ट की पोरीचे डोळे ताठ झाले. टांगा वळला तवा तिनं सूप मांडीवर घेतलं अन् बिड्या वळायला लागली. दोन-तीन बिड्या उलट्याच वळल्या. मंग माझ्याकडं बघून म्हनली, "बोचकं घेऊन हुबी काय ऱ्हायलीस? ये आत. माझ्याकडं दहा बोटं कमी पडल्यात."

तवापासनं मी तिच्या पडवीत हाय. बिड्या वळते. आधी मुकादम निम्म्या छाट, म्हंजे खराब, म्हनून काढून फेकायचा, म्हनायचा, "बाई, ही बिडी हाय का करंजी?" आता काय म्हनत न्हाई. लढाई संपली. मालक आले न्हाईत. दोरा परत कारखान्यातनं मिळतो.

तो हार वकीलीनबाईंनी ताईंकडनं मागून घेतला म्हनं. काचंच्या चौकटीत बसवून दिवानखान्यात लावलाय, आत कापराच्या वड्या टाकल्यात. मंडळाच्या सभेत दर वर्सी रेहमतची गोष्ट सांगत्यात. त्या गोष्टीत जैनबभाभी न्हाई, बिडी न्हाई, मी पन न्हाई. शिंक तर न्हाईच. नुसतं सूत हाय अन् पोरगी हाय अन् मंडळ हाय.

रेहमत ईदेला आलती. उंच झालीय. आली, अम्मीच्या गळ्यात पडली, अन् दहा मिनटांत सुपापाशी बसून तोंडं दुमडायला लागली. मी म्हनलं, "अगं, तिथं शिकतीस ना, पोरांनी काम करू नये म्हनून?" तर हसली. "शिकते ना. पहाटे सूत काढतो, मंग अंगन झाडतो, मंग डाळ निवडतो, मंग ते शिकवत्यात." पन इंग्रजी वाचती आता. मुकादमाच्या खोक्यावरचं तिनं वाचून दाखवलं, तर मुकादमानं तिला अहोजाहो केलं. जैनबभाभी तिकडं तोंड करून खोकत बसली, पन मला म्हाईत हाय ती खोकत नव्हती.

अन् परवा काय झालं. वर्गाची नवी बाई आली गल्लीत, छत्री घेऊन, सोबत वकीलीनबाई. त्यांनी माझ्या डोक्यावरनं पलीकडं बघितलं. नवी बाई माझ्यापुढं थांबली. यमी माझ्याजवळ बसली हुती. चार वर्सांची झालीय. तिला कुनी शिकवलं न्हाई, बघून बघून तीच बिडीचं तोंड दुमडती, अन् असं सुबक दुमडती की मुकादम म्हनतो, ह्या पोरीचा हात देवानं दिलाय. मला ते ऐकून बरं वाटतं, अन् मंग बरं वाटलं म्हनून वाईट वाटतं.

"ही तुमची मुलगी ना?" नवी बाई म्हनली. "तिला वर्गात पाठवा. प्रत्येक बालकाला हक्क असतात."

माझ्या तोंडातनं आपसूकच निघालं, "न्या की. फक्त बोटं—"

"—ठेवून जावा!" जैनबभाभीनं आतनं पुरं केलं, अन् गल्ली हसली. नवी बाई पन हसली, तिला वाटलं गंमत हाय. मी हसले न्हाई. मी गोनपाटाला हात लावून बघितलं. वलंच हुतं, पानं अजून कडक हुती.

"घेऊन जा," मी म्हनलं. "पानं मऊ हुईस्तवर."

"पण वर्गाची वेळ दहा ते बारा आहे."

"बाई, पानाला घड्याळ कळत न्हाई," मी म्हनलं, अन् यमीचे हात पदरानं पुसून तिला नव्या बाईच्या हवाली केलं. यमी मागं बघत बघत गेली. हातात तिच्या एक बिडी तशीच ऱ्हायली हुती, ती तेवढी मी पळत जाऊन काढून घेतली.

गल्लीतल्या निम्म्या बाया म्हनत्यात, तू येडी. दुसऱ्याची पोर पुण्याला धाडली अन् सोताची सुपावर आनली. एक न्हाई म्हनली असतीस तर आज खोलीत असतीस, यमी पाटीवर गिरवत असती. निम्म्या काय म्हनत न्हाईत, पन भाकरी केली की त्यातली अर्धी यमीच्या हातावर ठेवत्यात. जैनबभाभी दोन्हीत न्हाई. ती नुसती माझ्या छाट बिड्या गपचूप परत वळून देती.

तर तुमी शिकलेली मानसं, हे वाचताय म्हंजे जोडाक्षरं पन न चुकता वाचत असनार. तुमी सांगा. समोर ताई, त्यांच्या गळ्यात तंबाखूचा वास मारनारा हार. दारात सूप घेतलेली आई. मोकळी टकळी फिरवनारी पोरगी. अन् तुमच्या काखंत तुमची सोताची लेक, नाक पुसतीय. ताई शांतपनी इचारत्यात, परवानगी दिली होती का? तुमी काय म्हनला असता?